फराळाखालचं पुस्तक

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा वडील मरोळच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही जोगेश्वरीच्या चाळीत राहायला आलो. मी तिसरीत होतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत आईने मला चित्रांचं एक पुस्तक आणलं. त्यातला एक कंदील एका बाजूने फाटलेला असतो. बाकीचे कंदील त्याला हसतात. मग त्याच्या भोकातून भिंतीवर चांदणी पडते आणि शेवटच्या पानावर तो म्हणतो, ‘मी असाच छान आहे.’

मी बोलताना अडखळायचो, सगळ्यात जास्त ‘म’वर. मोठ्याने वाचलं की जीभ सुटेल आणि मनातलं भयही जाईल, असं आईला वाटायचं. फराळाला कुणी आलं की ती पुस्तक माझ्या हातात द्यायची. पाहुणे अर्धा लाडू हातात धरून थांबायचे. शेवटच्या पानावर मी अडकलो की माझं वाक्य पुरं होण्याआधीच ते ‘छान, छान’ म्हणायचे. खोली एकच. दारात पाहुण्यांच्या चपला, दुसऱ्या टोकाला मोरी. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहायचो. आई बाहेरून हाक मारायची. कंदील स्वतःवर खूश होता खरा, पण त्याला कुणी ते चारचौघांत म्हणून दाखवायला लावत नव्हतं.

शेजारी फराळाची ताटं पोचवायचं काम मात्र मला आवडायचं. ताट पुढे केलं की झालं, बोलावं लागत नसे. भाऊबीजेच्या सकाळी ताटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली मी ते पुस्तक सरकवलं आणि गॅलरीतल्या शेवटच्या घरी ताट देऊन आलो. त्या घरातल्या मुलीचा गाल स्टोव्हच्या भडक्याने भाजलेला होता. पुस्तक टाकायचं तर खाली कचराकुंडीही होती. तरी मी तेच घर निवडलं. हे तिचंच पुस्तक आहे, असं काहीतरी तेव्हा मनात आलं होतं.

पण आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, हे मी विसरलो. संध्याकाळी त्या मुलीची आई, शेवटच्या घरच्या काकू, ताट घेऊन आल्या. ताटात चकल्या होत्या आणि चकल्यांच्या शेजारी पुस्तक.

“वहिनी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या पोरीचा गाल मला रोज दिसतो. पुस्तक पाठवून कशाला दाखवता?”

आईने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं. ‘मी ठेवलं’, एवढंच म्हणायचं होतं. ओठ मिटले ते उघडेनात. काकू वाट बघत होत्या. आईही थोडा वेळ थांबली. मला पुढे व्हायला जागा नव्हती, मागे भिंत होती.

“मीच पाठवलं,” आई म्हणाली. “चुकलं माझं.”

त्या गेल्यावर तिने दार लोटलं. चकल्या डब्यात भरल्या, पुस्तक फळीवर पत्र्याच्या ट्रंकेमागे टाकलं. त्यानंतर तिने मला कुणासमोर वाचायला सांगितलं नाही. मला हवं होतं ते मिळालं.

मी पुढे कित्येकदा काकूंच्या दारापर्यंत गेलो आणि परतलो. जीभ बऱ्यापैकी सुटल्यावरही.

पुढच्या दिवाळीत शेवटच्या घरचं ताट आई स्वतः घेऊन गेली. काकूंनी फराळ काढून घेतला आणि ताट दारातच तिच्या हातात परत दिलं. रिकामं.