अकरा गुंठे पडीक

परतूर तालुक्यात बोरगव्हाण दोन ठिकाणी आहे. एक दुधनेच्या काठी, धरणाच्या पाण्याखाली. दुसरं तीन किलोमीटरवर माळावर, सरकारनं आखून दिलेल्या प्लॉटांचं. महेबूब शेख पहिल्या गावाचा कोतवाल. तेवीस वर्षं त्यानं दवंडी दिली, टपाल पोचवलं, मोजणीदाराची साखळी धरली आणि पंचनाम्यांवर सह्या केल्या. पंचनामा सहीआधी वाचायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

माळावर शाळा आहे, समाजमंदिर आहे, पत्र्याची स्मशानभूमी आहे. कबरस्तान नाही. मुसलमानांची नऊ घरं आपली माणसं शेजारच्या गावात पुरत. दोन वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी हात जोडले, आमचीच जागा संपली.

यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी महेबूबच्या बायकोचं, शहाजादीचं पोट उघडलं आणि गाठीला हात न लावता शिवून टाकलं. महेबूब कबरस्तानाच्या जागेसाठी अर्ज घेऊन तहसीलला गेला.

जुन्या गावात जे होतं तेच नव्या गावात मिळणार, असं तिथं सांगितलं. होतं याचा कागद आणा. परतूर १९८१पर्यंत परभणी जिल्ह्यात, त्याआधी निजामाच्या राज्यात. कागदही तसेच विखुरलेले. पाच चकरांनंतर परभणीत एक उर्दू पाहणीपत्रक निघालं. वाचायला माणूस शोधावा लागला नाही. त्यानं स्वतःच वाचलं: कबरस्तान, अकरा गुंठे.

तहसीलच्या लिपिकानं, मच्छिंद्रनं ते बाजूला सारलं. "चाचा, हे आजोबाच्या काळातलं. शेवटची नोंद लागती." मग त्यानं धरणासाठी जमीन घेतली तेव्हाचा, १९९८चा पंचनामा काढला. "अकरा गुंठे, पडीक, बाभळी. खाली सही बघा कुणाची. तुम्हीच गायब केलं की राव कबरस्तान!"

महेबूबचा चेहरा बघून तो हसायचा थांबला.

त्या वर्षी गावात बातमी होती, की ज्या कबरी कागदावर येतील त्या मशीननं उकरून दुसरीकडं नेणार. महेबूबची पोर अफ्रीन, दोन वर्षांची, तापानं गेलेली, आठच महिन्यांपूर्वी तिथं ठेवली होती. "इथं काय?" मोजणीदारानं विचारलं. महेबूब म्हणाला, "काही न्हाई साहेब, पडीक हाय." मशीन कधी आलंच नाही. पाणी आलं.

घरी आल्यावर शहाजादीनं पडल्या पडल्या विचारलं, "कागज मिल्या?"

"मिल्या. मेरीच सही है."

"मैंच बोली थी तुमकू, लिखाव नक्को."

एकोणीस मेला ती गेली. पाणी उतरून जुनं गाव उघडं पडलं होतं. नऊ घरांच्या माणसांनी जनाजा गाळातून तिथं नेला. मशिदीच्या जोत्यावरून महेबूबनं अंदाज बांधला आणि खड्डा खणायला लावला. अफ्रीन जवळच असेल, एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तलाठी आला. सरकारी जमिनीत दफन केलं म्हणून पंचनामा होता. लिहून झाल्यावर त्यानं कागद पुढं केला. "चाचा, मारा सही."

"आधी वाचून दाखवा."

तलाठ्यानं वर बघितलं. वाचलं. "बुडीत क्षेत्र, पडीक. नवीन कबर एक."

"एक न्हाई. छत्तीस हायत."

"मला तर एकच दिसून राह्यली."

महेबूब काठीनं गाळ टोचत चालू लागला. दगड लागला की थांबे, नाव सांगे. मागून तलाठी लिहून घेई. नऊ नावं झाली. मग काठी नुसतीच आत जाऊ लागली. त्या नऊ नावांत अफ्रीन नव्हती.

"नऊ लिहिल्या," तलाठी म्हणाला. "जुन्या नऊ, नवीन एक."

"आन् पडीक?"

"ते दप्तरातून उतरवलंय. मला बदलता येत न्हाई."

महेबूबनं कागद तसाच, बिनसहीचा, परत दिला. पावसाळा तीन आठवड्यांवर होता. तो काठी घेऊन पुन्हा गाळात उतरला.