चालू यंत्राला हार

ते चित्र नागाच्या विषातल्या एका प्रथिनाचं होतं, आणि धारवाडच्या आमच्या प्रयोगशाळेत ते सकाळपासून वरून खाली, एकेक ओळ करत, उतरत होतं. आधी नुसता काळा पडदा. मग काळ्यातून लाल गोळे, गोळ्यांवर उजेड, उजेडामागे सावल्या. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. संगणक गरीब, चित्र मात्र छपाईला लागतं तेवढं अवाढव्य. प्रोग्राम प्रत्येक अणूची सावली हिशेबानं काढी आणि शेवटची ओळ झाल्यावरच फाइल साठवी. मध्येच थांबला तर हाती शून्य.

चित्र माझ्यासोबत संशोधन करणाऱ्या अक्काचं. संध्याकाळपर्यंत ते नियतकालिकाकडे रवाना झालं नाही तर तिचा लेख पुढच्या अंकावर ढकलला जाणार होता. आणि तेच प्रथिन दुसऱ्या शहरातल्या एका गटाच्या हाती लागलेलं. त्यांचं आधी छापून आलं की अक्काची सगळी वर्षं शिळी.

आणि दिवस कोणता, तर खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी रिक्षापासून तराजूपर्यंत सगळ्यांची पूजा होते. विभागातले म्हातारे अटेंडर, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, ताट घेऊन दारात उभे राहिले.

"बंद कर अक्का. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत."

"हे बंद केलं तर मलाच कुंकू लावून कोपऱ्यात बसवा, अप्पा."

"यंत्र परवडलं. ते उलट बोलत नाही."

शेवटी तह झाला: फक्त पडदा बंद करायचा. अप्पांनी त्या काळ्या काचेवर कुंकवाची बोटं ओढली, सीपीयूच्या डब्याला झेंडूचा जाडजूड हार घातला, उदबत्ती लावली. आता उद्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नव्हता; चित्र पुरं झालं की सीडी काढण्यापुरती तेवढी सूट अक्कानं मागून घेतली होती.

आम्ही चुरमुरे खात बसलो. डबा घुमत होता. मग त्याचा सूर चढला. आणखी चढला.

"नाग जागा झाला," मी म्हणालो.

अक्का उठून डब्यामागे वाकली. हार नेमका पंख्याच्या जाळीवर चिकटून बसला होता; डबा तापून कधीही बंद पडला असता. शिजलेल्या झेंडूचा वास येत होता.

"हार काढते."

"पूजा मोडेल," अप्पा हळूच म्हणाले. "या खोलीत वर्षभरात काही वाईट झालं, तर काय म्हणशील?"

तिचा हात तसाच अधांतरी. पंख्याच्या आवाजात आता खरखर मिसळलेली.

अप्पांनी अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. "आग्लि," म्हणजे होऊ दे, असं कानडीत पुटपुटले, हार अलगद काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"पूजा मोडली नाही. आजचं यंत्र मी. उद्या सकाळपर्यंत मला कुणी काम सांगायचं नाही."

सूर हळूहळू खाली आला. अक्कानं पडदा सुरू केला. कुंकवाच्या बोटांमागे ओळ अजून सरकत होती. दुपार कलता कलता शेवटची सावली पडली, फाइल साठली, आणि सीडी घेऊन अक्का धावतच कुरिअरकडे गेली. लेख त्याच अंकात आला, त्या दुसऱ्या गटाच्या आधी.

अप्पा मात्र त्या दिवशी उरलेला वेळ गळ्यात हार घालून डब्यासमोर बसून होते. मी चहा नेऊन दिला, तोही त्यांनी डब्याकडे पाठ न करता प्याला.