तीन जीवांची जादूगारीण

रविवारी दुपारी जेवणं झाली की दादाचे दोन मित्र यायचे, हॉलमध्ये चटई पडायची, फॅन बंद व्हायचा आणि मला वाटायचं, आज आपण मरणार. मरणार होते खेळातच, पण भीती काही खेळातली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही गिरगावातून विरारच्या मनवेलपाड्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि विरारात मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. आठवड्याभरात हसायचं-बोलायचं ते रविवारच्या त्या चार तासांत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं होऊन राक्षसांशी लढायचं, असा तो खेळ. आणि खेळाचा नियम असा होता की, जो मेला तो चटईवरून उठला. गोष्ट संपेपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, त्याने बाकीच्यांना चहा करून द्यायचा.

खेळाचं पुस्तक दादाच्या वसईच्या मित्राचं. त्याच्या मामाने आखातातून आणलेलं. हा मित्र येताना पिशवीतून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणायचा आणि खेळात पाद्री व्हायचा, जखमा बऱ्या करणारा. दुसरा फुलपाड्याचा. तो गोष्ट सांगायचा, राक्षस चालवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. दादा लढवय्या. आणि मी जादूगारीण, कारण उरलं होतं तेवढंच.

लढवय्याला सुरुवातीलाच बारा जीव. मला तीन. दिवसाला एक मंत्र, तोही झोप आणायचा. अंगात चिलखत नाही, हातात काठी. मी चिडले तेव्हा मास्तरने पुस्तक उघडून समजावलं होतं. "तू आत्ता मरतुकडी आहेस, पण टिकलीस ना, तर पुढे आगीचे गोळे फेकशील. तेव्हा हा तुझा दादा तुझ्यामागे लपेल. असाच हिशोब आहे पुस्तकात."

टिकलीस तर. त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली.

वीस बाजूंचा फासा आम्हाला कुठे मिळणार? आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. उडू नयेत म्हणून फॅन बंद, सगळे घामाने निथळलेले. राक्षसाने वार केला की मास्तर परीक्षेच्या पॅडमागे चिठ्ठी काढून आकडा सांगायचा. आकडा मोठा तर वार लागला, मग लुडोचा फासा पडायचा, राक्षस मोठा असला तर दोन, आणि जेवढा आकडा तेवढे जीव जायचे. तो चिठ्ठी उलगडत असताना मी चटईची काडी न्‌ काडी उपसून काढायचे. "पाच, हुकला," तो म्हणायचा, आणि मी हातातली काडी सोडायचे.

दीड वर्ष मी टिकले. दादाचा लढवय्या दोनदा मेला, दोन्ही वेळा त्याने महिनोन्‌महिने चहा केला आणि मग पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. मी मात्र आगीचे गोळे फेकायला लागले, जीवही वाढले. मनातल्या मनात काय मिजास होती माझी! पण भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

एका मे महिन्यातल्या रविवारी एक मोठा राक्षस माझ्यासमोर उभा होता. माझे सहा जीव उरले होते. मास्तरने चिठ्ठी उलगडली. "चार. हुकला."

तेवढ्यात आई आतून आली. "एवढ्या उकाड्यात काय घुम्यासारखे बसलात रे?" म्हणत तिने फॅन लावला आणि आत गेली.

चिठ्ठ्या हॉलभर उडाल्या. मास्तरच्या हातातली माझ्या मांडीवर येऊन पडली. मी बघितली. वीस.

"हे वीस आहे," मी म्हटलं.

मास्तर पॅडकडे बघत बसला. पाद्रीने सुकेळीचं पुडकं उगाच पुन्हा बांधलं. मी दादाकडे बघितलं, तर तोही चिठ्ठ्या गोळा करायला लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"मी कच्चा लिंबू होते?"

गिरगावात चाळीच्या अंगणात आम्ही पकडापकडी खेळायचो, तेव्हा शेंबड्या पोरांना कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो. पळू दे बिचारं, पकडलं तरी आउट नाही. मी एकोणीस वर्षांची घोडी, आणि दीड वर्ष कच्चा लिंबू.

"अगं, तू उठली असतीस तर परत बसली नसतीस," मास्तर हळूच म्हणाला. "आणि तुला करमतं म्हणून काकू चालवून घेतात, तू नसलीस तर आम्हाला इथे खेळू देतील का? आम्हीपण घाबरायचो."

मला इतका राग आला की रडूच यायला लागलं. पुस्तकातला तो हिशोब मला तेव्हा कळला. जादूगाराची ताकद त्याच्या भीतीच्या पलीकडे ठेवलेली होती. भीती मी सगळी भोगली होती, पण ती खोट्या चिठ्ठ्यांवर. दादा दोनदा खरा मेला आणि मी फुकट मोठी झाले.

"वीस म्हणजे वार लागला," मी म्हटलं. "फासे टाक."

"जाऊ दे ना," दादा म्हणाला.

"टाक म्हणते ना. सगळ्यांसमोर."

मास्तरने लुडोचे दोन फासे चटईवर टाकले. तीन आणि पाच. मी माझ्या जादूगारिणीचा कागद दुमडला, उठले आणि ओट्याशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेरून पाद्रीचा आवाज आला, "चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा घालतो मी." थोड्या वेळाने दादा दारात आला. वाटलं, परत बोलवायला आलाय.

"माझ्यात साखर कमी घाल," तो म्हणाला. पाद्री मेला होता तेव्हा त्यालाही तो हेच सांगायचा.

चार महिने मी चहा केला. एकही रविवार चुकवला नाही. गोष्ट संपल्यावर दादाने नवा कागद पुढे केला. "आता लढवय्या घे. बारा जीव मिळतील."

"जादूगारीण," मी म्हटलं.

चिठ्ठ्यांचा डबा आता चटईच्या मधोमध असायचा. पहिल्याच गुहेत कुठल्यातरी फडतूस चोराने माझ्यावर बाण सोडला. चिठ्ठी मीच काढली. आधी चटईची एक काडी उपसली, मग ती उलगडली. अठरा. मोठ्याने वाचली. फासा पडला, दोन.

तीनातला एक जीव उरला. तो कुणी दिलेला नव्हता.