भिंतीवर माझाच फोटो

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच फोटोला हार घातलेला बघून आले.

तुमच्यातले बरेच जण ती मालिका बघता. साताऱ्याकडची पोरगी मुंबईत मोठी नटी होते आणि मग तिला गावाकडच्या आईची लाज वाटायला लागते. ती आई म्हणजे मी. दोन वर्षं झाली.

काल फोन आला, "उद्या या, थोडंच काम आहे." सेटवर गेले तर भिंतीवर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार. गेल्या महिन्यात जाहिरातीसाठी म्हणून काढलेला तोच फोटो. स्टुलावर चढलेला सेटवाला म्हणाला, "आवं मावशी, तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

माझं काम म्हणजे फक्त एक डायलॉग रेकॉर्ड करायचा होता. "जेवलीस का गं?" फोटोकडे बघताना लेकीला तो आठवणार.

मग लेकीचं काम करणाऱ्या पोरीचा रडायचा सीन झाला. कॅमेरा बंद असला तरी ती मला आईच म्हणायची, माझ्या डब्यातली भाकरी खायची. आज इतकी रडली की मलाच भरून आलं. वाटलं, चला, हिला तरी वाईट वाटलंय.

कट झाल्यावर डोळे पुसत थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "आई, खरं वाटलं ना?"

मी म्हटलं, "लय खरं वाटलं."

एसटीत बसल्यापासून तेच डोक्यात आहे. मी दुसरं काय म्हणायला हवं होतं, तुम्हीच सांगा.