गोपिकाबाई थंडीत बूस्ट वाढवत नाहीत

नागपूरच्या कळमना बाजारात धान्याचे ट्रक खाली व्हायची वाट बघत जिथे ताटकळत असतात, तिथेच समोर रुपरावांचं टर्बो दुरुस्तीचं दुकान. काही वर्षांपूर्वी रुपरावांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात कायमचा लुळा पडला, आणि दुकान आता बंदच होणार असं सारे नातेवाईक धरून चालले. त्यांच्या बायकोचा, गोपिकाचा, भाऊ तर दुकान घेणारा माणूसच सोबत घेऊन आला. गोपिकानं दोघांनाही चहा पाजला, बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट चढवून तिनं शटर उघडलं.

दुकानात डबा घेऊन यायची तेव्हा नवऱ्याच्या शेजारी बसून तिनं बरंच पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिले काही महिने ट्रकवाले आत डोकावत, 'भाऊ कुठे हाय?' विचारत आणि निघून जात. गोपिका म्हणायची, "भाऊ घरी हाय. काम मी करते. थांबायचं असन तर थांबा, नाई तर समोर दुसरं दुकान हाय." ही तिची बोलायची रीत. गिऱ्हाईक राखायला गोड बोलावं लागतं असं रुपराव समजावत राहिले. तिनं गोड बोलण्याऐवजी काम शिकून घेतलं.

मग ट्रक सोडून गाड्यांची मंडळी यायला लागली. नागपुरात हौशी लोकांची एक टोळीच आहे. कंपनीतून आलेली गाडी त्यांना पुरत नाही, तिची ताकद वाढवून हवी असते. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारं चक्र. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, आणि त्या दाबाला ही मंडळी बूस्ट म्हणतात. दाब वाढवला की गाडी उसळते. किती वाढवायचा, हे गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप लावून सांगावं लागतं. पन्नाशीला आलेली गोपिका लॅपटॉप शिकली. चुकली, पुन्हा शिकली. होता होता जरीपटक्यात राहणाऱ्या सुशीलची लाल गाडी तिच्याकडे आली, आणि सुशीलच्या मागून त्याचा अख्खा क्लब आला.

सुशीलच्या घरचं कपड्यांचं मोठं दुकान. पोरगा मनानं वाईट नव्हता, पण चारचौघांत खाली पाहावं लागलं की त्याचं डोकं फिरायचं. डिसेंबरात एका सकाळी नेमकं तेच झालं. वर्धा रोडवर धुकं होतं, हाडं गोठवणारा गारठा. मित्रांच्या गाड्या मागे, आणि सुशीलनं जोरात पाय दाबला. बूस्टचा काटा ठरलेल्या जागेच्या पुढे उडी मारून गेला, कॉम्प्युटरनं इंजिनाचं इंधन तोडलं, ज्याला ही मंडळी कट म्हणतात, आणि गाडी गचका खाऊन ढेपाळली. मित्र हॉर्न वाजवत पुढे निघून गेले.

तो तडक कळमन्याला आला. गोपिकानं गाडी खालून तपासायला घेतली.

"काकू, तो कट काढून टाका. दाब वाढला की गाडी बंद पडते, हे काय झालं?"

गोपिका त्याच्या गाडीखालून बाहेर आली. "त्या कटनं तुह्यं इंजिन वाचवलं गा. थंडीत हवा दाट असते. तेवढ्याच दाबात जास्त हवा आत जाते, आणि उन्हाळ्यात बसवलेल्या हिशेबानं चक्र जास्त जोर धरते. जास्तीचा धूर बाहेर सोडणारी झडप हाय ना, ते मी थंडीपुरती लवकर उघडाले लावते. बूस्ट जरासा कमी ठेवू. आणि इंजिनचं ऑइल गरम झाल्याशिवाय पूरा बूस्ट भेटनच नाई असं करून देते. कट मात्र राहीन."

"कमी?" सुशील हसला. "सारी दुनिया म्हणते थंडीत गाडी जास्त पळते, आणि तुम्ही कमी करून राहिल्या?"

"पळतेच. म्हणूनच कमी करून राहिली."

"गाडी माही हाय, काकू."

"लॅपटॉप माहा हाय."

सुशील म्हणाला, "ठीक हाय. दुसरा कोणी करून देईन. आणि मग बाकीचेही तिकडेच जातील, हे पाहून घ्या."

"पाहून घेतलं," गोपिका म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली गेली. गाडीची तपासणी तिनं पूर्ण केली, बोनेट पुसून दिलं, आणि सुशील गाडी घेऊन गेला.

तो बोलला तसंच झालं. सुशीलनं दुसरीकडून कट काढून घेतला, बूस्ट वाढवून घेतला, आणि क्लबच्या पोरांनी कळमन्याचा रस्ता सोडला. ऐन थंडीत, जेव्हा गाड्यांची रांग लागायची, तेव्हा दुकानात एखाददुसरा ट्रकवाला. संध्याकाळी घरी रुपराव म्हणाले, "काहून ताणून राहिली वं? त्याची गाडी, त्याचं इंजिन. फुटलं तर त्याचं फुटन."

"आणि रस्त्यावर फुटलं, बाजूनं मोटरसायकलवर कोणी जात असन, तर?"

"तसं होईनच असं नाई."

"नाई होणार बहुतेक," गोपिका म्हणाली. "तरी माह्या हातानं नाई."

रुपरावांनी डाव्या हातानं ताट पुढे ओढलं. त्यांना ठाऊक होतं, हिच्याशी पुढे बोलून उपयोग नाही. गोपिकानं जेवण उरकून भांडी घासायला घेतली. आपण शहाणपणा करतोय की नुसता हट्ट, हे तिचं तिलाच नीट सांगता येईना. पण सुशीलला फोन करायचा विचार आला की मान आपोआप ताठ व्हायची.

जानेवारीत क्लबनं उमरेडच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात शर्यत ठेवली. लांब, सरळ सिमेंटचा रस्ता, एकेका गाडीनं पळायचं, ज्याची वेळ कमी तो पहिला. गोपिकाकडे एक जुनी पांढरी हॅचबॅक होती. अपघातात चेपलेली, कवडीमोलात घेतलेली, टर्बो तिनं स्वतः बसवलेला. ती गाडी घेऊन ती सकाळीच फाटकावर हजर झाली.

फाटकावरचा मुलगा गोंधळला. "काकू, हे मेंबर लोकांसाठी हाय."

"तुमच्या जाहिरातीत लिहिलं हाय, कोणीही या. मी कोणी नाई का?"

तिला आत घेतलं. रांगेत उभी राहिल्यावर तिनं इंजिन सुरू केलं आणि नुसतं चालू ठेवलं. तिचा नंबर आला, तरी ती हलेना. ऑइलच्या तापमानाचा काटा अजून वर आलेला नव्हता. मागच्यांनी हॉर्न वाजवले. कोणीतरी ओरडलं, "काकू, स्वयंपाक होऊन राहिला का?" हशा झाला. गोपिकानं काच खाली केली, मान बाहेर काढली, ओरडणाऱ्याकडे नीट पाहून घेतलं आणि काच पुन्हा वर केली. काटा जागेवर आला तेव्हाच ती सुटली.

गाडी सरळ, एका दमात गेली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तशीच. सुशीलची लाल गाडी मात्र थंड इंजिनानंच सुटली आणि गोळीसारखी गेली. दोन्ही फेऱ्यांत तिला काहीही झालं नाही. सुशील पहिला आला, गोपिका पाचवी.

आता सगळे तिच्याकडे पाहत होते. काकूचा थंडीचा सिद्धांत सर्वांना माहीत होता, आणि आज तो सर्वांसमोर हरला होता. सुशील कप घेऊन तिच्याकडे आला. आवाजात खवचटपणा फार नव्हता, पण होता. "मग, काकू? फुटलं का इंजिन?"

"नाई फुटलं. मस्त पळाली तुही गाडी. अभिनंदन."

"मग आता कट काढून देता का पोरांचे?"

"नाई."

"हरूनही?"

"मी शर्यत हारली गा. मत नाई हारली. तुह्या इंजिनची तब्येत दोन फेऱ्यांत नाई समजत, आणि ते धडधाकट राहिलं तर मले आनंदच हाय. पण माह्या दुकानात थंडीत बूस्ट कमीच होईन. ज्याले नाई जमत त्यानं नाई यावं."

हे तिनं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग ती गाडीत बसली आणि सगळ्यांच्या मधून, अगदी सावकाश, फाटकाबाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात मयुरा दुकानात आली. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारी, क्लबमधली एकमेव बाई चालक. "काकू, मी रोज सकाळी अंधारात ड्युटीले निघते," ती म्हणाली. "मले पहिला नंबर नको. रस्त्यात गचका नको. तुमच्या पद्धतीनं करून द्या." गोपिकानं करून दिलं. मयुरामागून आणखी काही जण आले, पण सगळे नाही. सुशील कधीच आला नाही. उन्हाळ्यात त्यानं लाल गाडी विकून टाकली. इंजिन ठीक होतं की नव्हतं, हे गोपिकानं कोणाला विचारलं नाही.

पुढच्या थंडीत क्लबनं नवा नियम काढला. रांगेत नंबर आला की लगेच सुटायचं, गाडी गरम करत बसायचं नाही. नियम कोणासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती. एव्हाना वर्गणी भरून मेंबर झालेली गोपिका बैठकीला गेली, उभी राहिली, कारण विचारलं. मतं घेतली गेली. तिच्या बाजूनं तिचा आणि मयुराचा असे दोनच हात वर झाले.

शर्यतीच्या दिवशी पांढरी हॅचबॅक सगळ्यांच्या आधी उमरेड रोडला लागली. फाटकाशी न थांबता पुढे गेली, तुरीच्या शेतांमधल्या रस्त्यानं एका गावापर्यंत जाऊन वळली, पुन्हा आली, पुन्हा गेली. हलका पाय, कमी बूस्ट, कुठे घाई नाही. नियम रांगेसाठी होता. रस्त्यावर फिरायला बंदी नव्हती. ऑइल तापल्यावरच गोपिका फाटकातून आत शिरली, आणि झेंडा हातात घेतलेल्या माणसानं खूण करताच क्षणाचाही वेळ न घालवता सुटली.

त्या वर्षी ती तिसरी आली. मयुरा दुसरी. बक्षीस घेताना फोटोवाल्यानं गोपिकाला जरा हसायला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हासन," आणि कप काखेत मारून गाडीकडे चालू लागली.