आमच्या फ्रीजमधल्या नळ्या

१२ मे १९८६. लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते, तेवढ्यात वीज गेली आणि वरच्या मजल्यावरची संशोधक बाई धावत खाली आली. कॉलेजचा फ्रीज बिघडल्यापासून तिच्या नळ्या आमच्याकडे असत. घरात शिरली की ती आधी फ्रीजला हात लावी, मग माझ्याशी बोले.

"वहिनी, उष्णता वाढली की पेशी स्वतःला सांभाळणारी प्रथिनं बनवते. त्यातलंच एक, हार्मोनला पकडणारं जे दुसरं प्रथिन असतं, त्या ग्राहीला धरून असतं. नळ्या तापल्या तर दोघांची ताटातूट होईल आणि माझं वर्ष वाया जाईल."

घरातला सगळा बर्फ तिनं नळ्यांसकट थर्मासात भरला. एवढ्यात उन्हातून आलेल्या सासूबाई उंबऱ्यातच कोसळल्या. अंग नुसतं भाजत होतं. मी बर्फ मागितला. तिनं आधी थर्मासकडे पाहिलं. मला ते आवडलं नाही.

"पोरीचं औषध नासवू नगंस की," सासूबाई पुटपुटल्या.

तिनं थर्मास त्यांच्या अंगावर उपडा केला. नळ्या फरशीवर घरंगळल्या, त्यांच्याकडे न बघता ती डॉक्टरांना आणायला पळाली.

सासूबाई वाचल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला तिला बकऱ्याची ताजी कलेजी हवी होती; नळ्यांत कलेजीचाच अर्क होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी अंड्यालाही न शिवलेली मी, बर्फाचा डबा धरून तिच्याबरोबर खाटकाच्या दुकानात उभी राहिले.