अंगाशी लोखंड

आईनं दारात ओवाळलं, हातावर दही ठेवलं, आणि मी तिच्यावर खेकसलो. गाडी सुरू होती. मंचरला मामा बाजाराच्या गेटपाशी वाट बघत होता, आणि ही माझी पाठीवरची सॅक पुन्हा उघडून आत काहीतरी चाचपत होती. "अगं, किती वेळा बघशील? झालंय सगळं भरून." ती म्हणाली, "लांबच्या वाटंला चाललास. अंगाशी लोखंड असावं रं, बाधा व्हत न्हाई." मी म्हटलं, "एवढं विमान असतंय की लोखंडाचं, अजून किती पाहिजे?" आण्णा, म्हणजे माझे वडील, हसले. आई हसली नाही. तिनं सॅकची चेन लावली आणि बाजूला झाली. निघताना मी तिच्या पाया पडलो की नाही, ते आजही मला आठवत नाही.

यंदा येडगावातल्या चार-पाच जणांनी मला फोन करून विचारलंय, "भाऊ, आमी पण इटलीला कलमाच्या कामाला येतो, चाकू कोणता आणू?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. जे मागं राहिलेत त्यांनीही वाचावं. विशेषतः ज्यांनी बॅगा भरून दिल्यात त्यांनी.

द्राक्षाची कलमं बांधणं हे आमचं काम, आण्णांपासूनचं. जंगली खुंट उभा चिरायचा, त्यात चांगल्या जातीच्या काडीची पाचर बसवायची आणि पट्टी आवळायची. सगळा खेळ त्या पाचरीचा. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाला असते, दुसरं अंग सपाट. सपाट अंग काडीला टेकवून एका ओढीत कापायचं. आता माझी गंमत अशी की मी डावरा. बाजारातले झाडून सगळे चाकू उजव्या हाताचे. डाव्या हातात धरले की पातं लाकडातून वर पळतं, पाचर मध्येच फुगते, आत हवा राहते आणि काडी वाळते.

म्हणून जायच्या आधी महिनाभर चाकूचाच घोळ चालला होता. आण्णांचा जुना होता, झिजून दाभणाएवढा झालेला. एक परदेशी घडीचा आणला, चकचकीत, खिशात मावणारा. तो घेऊन जुन्नरच्या पेठेत रशीदचाचांकडं गेलो. चाचा धार लावतात, विळे-कोयते बनवतात, माझ्या लहानपणापासून तिथंच बसलेत. त्यांनी चाकू उघडला, मिटला, परत उघडला. "दिसाय लई भारी हाय राव," म्हणाले, "पण तुझ्या हाताचा न्हाई." मग त्यांनी लोखंड कापायच्या आरीचं जुनं पातं घेतलं आणि मला उलट्या धारेचा घडीचा चाकू बनवून दिला, शिसवी मुठीचा. त्या चाकूनं मी घरच्या बागेत शंभरेक कलमं बांधून बघितली. एकही फुकट गेलं नाही. आपल्या हाताला इतकं कळतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हा चाकू महत्त्वाचा का, तर तिथली अट. पोचल्यावर पहिल्याच सोमवारी 'कापो', म्हणजे तिकडचा मुकादम, हात बघणार. कलमं फुटली तर काम, नाहीतर परतीचं तिकीट. मी हातातली नोकरी सोडून बसलो होतो. चाकू मी स्वतः मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला होता. धारेची वस्तू सोबतच्या बॅगेत चालत नाही, एवढं मला माहीत होतं. आईला नव्हतं. तिला मी सांगितलंच नव्हतं, नुसता ओरडलो होतो.

मामाला घ्यायला मंचर गावात शिरलो आणि कांद्याच्या गाड्यांत अडकलो. मुंबईला पोचलो तेव्हा काउंटर बंद होत आलेला. धावत मोठी बॅग दिली, पासपोर्टवर शिक्का घेतला आणि तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. माझी सॅक मशिनीत गेली आणि पट्टा थांबला. मागं आला, परत पुढं गेला. जवानानं विचारलं, "चाकू किसका है?" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी विचारतोय.

आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तो गुंडाळलेला होता. पात्याला हळद-कुंकू लावलेलं. मोठ्या बॅगेतून काढून तिनं तो माझ्या पाठीशी दिला होता. मी हातापाया पडलो, कामाचं हत्यार आहे म्हणालो, मोठी बॅग परत मागवता येईल का विचारलं. जवान काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, चाकू जाईल नाहीतर विमान जाईल. बाहेर जायचा रस्ता नव्हता, मामा मला सोडून परत निघालेला. मी चाकू तिथल्या जप्तीच्या खोक्यात टाकला. कपडा तेवढा ठेवून घेतला.

खरं सांगतो, मला आईचा भयंकर राग आला. ओरडायलाच फोन लावला. आईनंच उचलला. "बसलास का रं आत? लोखंड हाय ना जवळ?" तिचा आवाज इतका घाबरा होता की मी म्हणालो, "हाय."

शनिवारी पोचलो. कापोनं हातात चाकू दिला, उजव्या हाताचा. मी डावा हात दाखवला तर म्हणाला, "मान्चिनो!" डावऱ्याला तिकडं तसं म्हणतात. खांदे उडवून निघून गेला. रविवार सगळा माझ्याकडं होता. शेडच्या पायरीवर बसून चाचांना व्हिडिओ कॉल लावला. चाचा म्हणाले, "रडू नको. एका अंगाची धार पार मोडून काड, सपाट कर. दुसऱ्या अंगाला नवी चढव. दगड हाय का?" दगड होता. सकाळपासून घासत बसलो. पातं बारीक होत चाललं आणि मी घाबरत चाललो. एवढं करून मोडलं तर? चाचा मधनंमधनं म्हणायचे, "फोन खाली धर, आवाज ऐकव." ऐकून म्हणायचे, "करकरतंय अजून. चालू दे." उन्हं कलली तेव्हा म्हणाले, "आता गप झालं. मनगटाची लव काडून बघ." निघाली.

सोमवारी एक ओळ कलमं बांधली. पाचर बरी आली, पण बरी म्हणजे नक्की काय हे काडीचे डोळे फुटल्याशिवाय कळत नाही. पुढचे तीन आठवडे मी नीट जेवलो नाही. कामाला जाताना-येताना त्या ओळीत वाकून बघायचो. आई रोज विचारायची, लोखंड हाय ना? मी रोज हाय म्हणायचो. एका सकाळी पट्टीच्या वर पोपटी टोक दिसलं, मग शेजारी दुसरं. कापो ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "बेने, मान्चिनो." छान, डावऱ्या! मी तिथंच मातीत बसलो.

हंगाम संपवून घरी आलो. आईनं चाकू मागितला, देवापुढं ठेवायला. तो बारीक झालेला इटलीचा चाकू तिनं हातात घेतला. "ह्यो रशीदभाईचा न्हाई." मग म्हणाली, "मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. तू लगेच हाय म्हणालास. खरं असतं तर आदी वरडला असतास." मला रडू आलं. ती म्हणाली, "मीच घालवला ना रं?" मी नाही म्हणालो. तेही तिला पटलं नाही.

तेव्हा मंडळी, चाकू आपल्या हाताचा आणा, मोठ्या बॅगेत ठेवा, आणि का ठेवलाय ते घरी समजावून सांगा. इटलीत मी मान खाली घालून 'सी, सी', म्हणजे हो हो, म्हणत असतो, कुणावर आवाज चढवत नाही. घर म्हणजे काय असं मला विचाराल तर जिथं माझ्या खेकसण्याचा कुणाला राग येत नाही, ते.

यंदा पुन्हा निघालो तेव्हा पाया पडलो, नीट आठवतंय. आईनं बांगड्यांतली पिन काढली आणि माझ्या बनियनला आतून लावली. "हिला तरी सोडत्याल ना?" चाचांचा नवा चाकू मोठ्या बॅगेत तळाशी होता. तिनंच ठेवला होता. तपासणीत जवानानं छातीवरून यंत्र फिरवलं आणि ते वाजलं. शर्ट उघडायला लावला, पिन बघितली, विचारलं, "ये किसलिए?" मी मराठीतच म्हणालो, "आईनं लावलीय." त्यानं जायची खूण केली.

आत जाऊन फोन लावला. "अगं, सगळ्या रांगंसमोर शर्ट काढायला लावला तुझ्या पिनीनं! लाज गेली माझी!"

"मग हाय जवळ," आई म्हणाली.